सैल शिवण

आमची ही गेल्यावर मला घरात बसवेना. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जायचं ते कळायचं नाही. कळव्याची आमची खोली ती केवढी! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायचो, गॅस बंद केलाय का बघायचो, तो पेटवलेलाच नसायचा. मग चप्पल घालून खाली. खाडीपुलावरून ठाण्यात, ठाण्यातून खोपटला. तिथे डेपोच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं, रिक्षांची हूडं आणि सीटा शिवायचं. तिच्या आजारपणात ते सोडलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. ती टांगलेली कव्हरं बघायची आणि आल्या पावली परत. लोकांना वाटायचं म्हातारा तब्येतीसाठी चालतोय. तब्येत गेली खड्ड्यात.

मुलगी डोंबिवलीला असते. आम्हाला तेवढी एकच. एका रविवारी ती आली, फडताळ उघडलं, डबे हलवून बघितले आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, काल काय जेवलात?"

"चहा."

"चहा जेवतात?"

"पाव होता बरोबर."

"खोलीला कुलूप लावा आणि चला माझ्याकडे."

"मुलीच्या घरी कायमचं जाऊन राहायचं आमच्यात नाही."

"आमच्यात म्हणजे कुणात? आता उरलंय कोण? तुम्ही आणि मी!"

मी ओरडलो. तीही ओरडली. शेजारीण दारातून डोकावून गेली. शेवटी मुलीनेच ठरवून टाकलं. चार माणसांत बसून करायचं असं काहीतरी काम मी धरायचं. दिवाळीपर्यंत टिकलो तर कळव्याला राहायचं. नाही टिकलो तर ती टेम्पो घेऊन येणार आणि मी मुकाट्याने बसायचं त्यात. मी म्हटलं, चालेल. माझ्या मनात एवढंच होतं की ही खोली सोडली तर हिचं म्हणून काही राहणार नाही. हिची पिशवी ज्या खिळ्याला लटकायची तो खिळासुद्धा दुसऱ्याचा होणार.

काम मिळालं ते एका रिक्षावाल्यामुळे. तो रोज सकाळी ठाणे स्टेशनवरून एका बाईंना वागळे इस्टेटला सोडायचा. त्या मागे बसून फोनवर कुणालातरी सांगत होत्या, हाताने नीट शिवणारा माणूस मिळत नाही म्हणून. त्याने आरशात बघत सांगितलं, "मॅडम, जरा वर बघा. या हूडाने किती पावसाळे खाल्लेत, एक टाका उसवला नाही. शिवणारा म्हातारा सध्या रिकामाच भटकतोय."

त्या मॅडमचा गाळा बाहेरून अगदी साधा. खाली नट-बोल्टवाले, वर आम्ही. पण आत शिरायचं तर डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा, हातात ग्लोव्हज, पायात पिशव्या.

"कुणाचं ऑपरेशन आहे?" मी विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत. माझ्या मुलीपेक्षाही लहान बाई. त्यांनी टेबलावर एक चंदेरी कापड पसरलं. कापड कसलं, वेफरच्या पाकिटाची आतली बाजू असते तसला कागद, पण इतका पातळ की माझ्या श्वासानेही हलायला लागला.

"काका, ही सॅटेलाइटची गोधडी. असे पुष्कळ थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येक दोन थरांच्या मध्ये ही जाळी. आणि कडेने शिवून घ्यायचं."

जाळी म्हणजे नवरीच्या ओढणीला असते तसली, हातात धरली तरी धरल्यासारखी न वाटणारी.

"वर एवढी थंडी असते?" मी विचारलं.

"थंडीही असते आणि ऊनही. सूर्याकडची बाजू भाजून निघते, सावलीकडची गोठते, आणि मध्ये हवाच नाही. फुंकर मारून काही गार होत नाही, पंखा लावून काही होत नाही. उष्णतेला जायला दोनच वाटा. एक म्हणजे चिकटलेल्या वस्तूतून, चहात ठेवलेला चमचा वरपर्यंत तापतो तशी. दुसरी म्हणजे झळ. चुलीसमोर बसलं की तोंडाला लागते ती. झळीला हवा लागत नाही, सूर्याची झळ तशीच तर येते इथपर्यंत. हा चंदेरी थर झळ परत पाठवतो. एकातून थोडी निसटली तर पुढचा पाठवतो, त्यातून निसटली तर त्याच्या पुढचा."

"आणि आतली मशिनरी तापली म्हणजे?"

"म्हणून खिडक्या ठेवायच्या. तिथे गोधडी नाही, पांढरा रंग दिलेला पत्रा."

"पांढरा कशाला? चकचकीत ठेवा की. जास्त चमकेल."

"चमकेल, पण तापेल. चकचकीत पत्रा ऊन थोडंच पितो, हे खरं. पण प्यायलेलं सोडायची वेळ आली की त्याहून कंजूष. पांढरा रंग ऊनही कमी पितो आणि आतली ऊब भराभर बाहेर टाकतो. प्रत्येक वस्तूचं हे वेगवेगळं असतं, ऊन किती पिणार आणि ऊब किती सोडणार. आमचं निम्मं काम म्हणजे तेवढंच बघणं."

उन्हात उभ्या रिक्षाचा स्टीलचा दांडा कसा चटका देतो ते मला कुणी सांगायला नको होतं. पण मी तो आयुष्यभर नुसता हात झटकून सोडून दिलेला, असा विचार केलेला नव्हता. मी म्हटलं, "म्हणजे ही गोधडी आत ऊब देते आणि ही खिडकी ती बाहेर टाकते."

"गोधडी ऊब देत नाही, काका. कुठलीच देत नाही. आत असेल तेवढी धरून ठेवते, बस. आतला हीटरच बंद पडला तर थरावर थर घाला, हळूहळू सगळं गारच होणार."

त्या हे सांगून पुढच्या कामाला लागल्या. मी टोपी काढली, जिना उतरलो आणि गाळ्याभोवती चकरा मारायला लागलो. आमच्या हिच्या शेवटच्या मे महिन्यात खोलीचा पत्रा नुसता भाजत होता, मी बनियनवर बसून घामाने निथळत होतो, आणि ती म्हणत होती, अजून एक घाला. मी घातली. घरातल्या सगळ्या घातल्या, शेजारणीकडून मागून आणल्या. तरी तिचे पाय हातात घेतले की थंड. मला राग यायचा गोधड्यांचा. एवढ्या जाड, एवढ्या जड, आणि कामाच्या नाहीत! आता ही पोरगी येऊन सांगते, गोधडीचा काही दोष नव्हता म्हणून. मग मी रागवायचं कुणावर?

परत वर गेलो तेव्हा मॅडमनी नुसतं माझ्या झग्याकडे बघितलं. "झगा नवा घाला, बाहेर नेलेला चालत नाही," एवढंच म्हणाल्या.

रिक्षाचं हूड शिवताना दोरा असा ओढायचा की बोटाने छेडला तर वाजला पाहिजे. टाका बारीक, एकाला एक लागून. तसा शिवला नाही तर पहिल्या पावसात पाणी आत. माझा हात तिथेच घडलेला. पहिली गोधडी मी तशीच शिवली. कड अशी बसली की नख शिरणार नाही. मी ती सगळ्यांना दाखवली. कटिंगचं काम करणारी एक बाई होती, कळव्याच्या जवळच्याच कोळीवाड्यातली, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिने नमुना म्हणून एक तुकडा शिवला होता, वाकडातिकडा, टाके लोंबणारे. मी तो बघून हसलो होतो.

दोन्ही तुकडे टेस्टला गेले. टेस्ट म्हणजे बॉयलरसारखी एक लोखंडी टाकी. आत हीटरची पेटी ठेवायची, तिला गोधडी गुंडाळायची, टाकीतली हवा ओढून घ्यायची आणि टाकीच्या भिंती थंडगार करायच्या. मग पेटी ऊबदार ठेवायला वीज किती लागते ते बघायचं. वीज जास्त लागली म्हणजे गोधडी गळते. दसऱ्याला टाकीच्या दारावर हळदकुंकू लावलेलं, ते तसंच होतं. दारावर चालतं. आत बोटाचा ठसा उमटला तरी मॅडम अंगावर यायच्या, म्हणायच्या, हाताचं तेल लागलं की तेवढी जागा वेगळं ऊन पिते.

माझी गोधडी गळली, आणि चांगलीच गळली.

"बघा काका," मॅडमनी कड उचलून धरली. "तुम्ही इतकं घट्ट ओढलंय की सगळे थर एकमेकांवर दाबलेत. मधल्या जाळीचा उपयोगच गेला. झळ अडवली आपण, पण उष्णता शिवणीतून चालत बाहेर गेली."

"आणि हिचा तुकडा?"

"त्यांचा बराच बरा आहे."

कटिंगवालीने कमरेवर हात ठेवले. "दादा, माजी वाकडी शिवन पास! तुमची रिक्शा पोचली का वरती?"

मॅडम म्हणाल्या, "अजून एक तुकडा देते. तोही गळला तर मी शिवणच बंद करणार, प्लास्टिकच्या टाचण्या लावून घेईन. मग शिंप्याचं काम राहणार नाही. आधी सांगून ठेवते, नंतर वाईट वाटून घेऊ नका."

दिवाळी तोंडावर आलेली. मुलीचा रोज फोन, "काय बाबा, टिकलात का?" मी म्हणायचो, "टिकलोय." आणि इकडे टाकाऊ कागदावर हात बसवायला बघत होतो, तर हात ऐकेना. सैल सोडायचा म्हणून दोरा सोडायचो, आणि बोटं आपली आपण झटका देऊन ओढून घ्यायची. ओढलं की मी शिवी हासडायचो. मॅडमनी दोनदा वळून बघितलं.

कटिंगवाली सकाळी कळवा स्टेशनबाहेर गजरे विकून मग कामावर यायची. फुलं आत न्यायला बंदी, त्यांची पूड उडते, म्हणून टोपली वॉचमनकडे. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यावर बसून संध्याकाळचे गजरे बांधायची. त्या दिवशी तिने मला हाक मारली.

"हितं बसा, दादा. ही जाईची कली, हा दोरा. वढला की देट कापतो. सोडला की कली पडते. मंग किती वढायचा ते डोक्याला नाय कलत, हाताला कलतं. घ्या."

आणि तिने मूठभर कळ्या माझ्या तळहातावर ओतल्या.

मी त्या टोपलीत टाकल्या आणि उठलो. गेटातून बाहेर पडलो, चालत सुटलो, तीन हात नाक्यापर्यंत गेलो.

आमच्या हिला उचलायच्या आधी चाळीतल्या बायकांनी हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि जाईचे गजरे, एक नाही, डोकं दिसेना इतके. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं बाई, सवाष्ण गेली." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथेच बसलेलो. तिचं भाग्य काय, तर मी मागे राहिलो हे! मला त्याचाही राग आला, पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच होतं. जाईच्या वासाने हिचं डोकं उठायचं. लग्न झाल्यावर मी हौसेने गजरा आणला, तो हिने खिडकीच्या गजाला बांधला. म्हणाली, लांबून बरा वाटतो. आणि आता एवढे डोक्याला बांधून ठेवलेत. मला ओरडायचं होतं, काढा ते, तिचं डोकं दुखेल. पण मेलेल्या माणसाचं डोकं दुखेल असं कसं बोलणार? तेव्हापासून जाई दिसली की मी रस्ता बदलतो.

नाक्यावर उभं राहायला जागा नाही, गाड्या, हॉर्न, धूळ. उभा राहिलो. डोळ्यासमोर टेम्पो आला, त्यात माझा पलंग, माझा मिक्सर, आणि टेम्पोच्या मागच्या फळीला धरून मी. पुन्हा वळलो.

कटिंगवाली अजून जिन्यावरच होती. "झालं फिरून? बसा."

मी बसलो. आणि का कोण जाणे, तिला ते डोकं उठायचं सांगून टाकलं. बाकी काही नाही, तेवढंच.

ती बांधतच राहिली. मग म्हणाली, "मंग बायकोसाटी नका बांदू. गिराइकासाटी बांदा. माजा आजचा माल ऱ्हायलाय."

दुसरं कुणी असतं तर डोळ्यांत पाणी आणून खांद्यावर हात ठेवला असता, आणि मी परत नाक्यावर गेलो असतो. हिने टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. मी बांधायला घेतलं. पहिल्या बऱ्याच कळ्या मुंडकं तुटून जिन्यावर पडल्या.

"दादा, फुलं हायत. चोर नाय बांदायचे."

पुढचे काही दिवस दुपारी तेच. बांधायचं, मग साबणाने हात धुवायचे, स्पिरिटने पुसायचे, नवे ग्लोव्हज घालायचे आणि वर जायचं. हळूहळू बोटांना कळायला लागलं. देठ कापायच्या अलीकडे दोऱ्यात एक अडखळ येते, तिथे थांबायचं. कागदाच्या थरांना देठ नाही, पण अडखळ आहे. सगळ्यात वरचा थर दोऱ्याखाली किंचित वाकतो, तिथे थांबायचं. दुसरी गोधडी मी इतकी सावकाश शिवली की रिक्षावाल्यांनी मला दुकानासकट फेकून दिलं असतं. बघणाऱ्याला ती शिवण शिकाऊ पोराची वाटावी. मला ती बघवत नव्हती. तशीच दिली.

टाकीचं दार बंद झालं. हवा ओढायलाच वेळ जातो, मग भिंती थंड व्हायला. मी खुर्चीवर बसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, आलो.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या फेऱ्यांनी मला गरगरतंय. घरी जा, उद्या सांगते."

घरी जाऊन काय करणार? गेलो, गॅस बघितला, पुन्हा पुलावर आलो. मला आठवत नाही मी त्या दिवशी किती चाललो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावरच्या रेघा मला काय कळणार, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडाला मास्क.

"सरळ कडा चांगल्या आल्यात. कोपऱ्यांत अजून गळतंय, तिथे तुम्ही ओढलंय."

"कोपरा आला की दादा रिक्शा शिवतो," मागून आवाज आला.

"कोपरे मी टेपने करून घेईन. बाकी शिवण तुमची."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारपासून रोज या."

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. खाली आलो, रस्त्याच्या कडेला उभा राहून मुलीला फोन लावला. छाती फुगवूनच सांगितलं, "काम पक्कं झालं. टेम्पो सांगू नकोस."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"बरं झालं," ती म्हणाली. मग सांगायला लागली, "मी गॅलरी बंद करून घेतली होती. खिडकी बसवली, पंखा लावला. तुमच्या जावयांनी स्वतः रंग दिला."

"कशाला?"

"कशाला काय बाबा? तुमच्यासाठी."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना..."

"ठरलं होतं. मला वाटलं नव्हतं तुम्ही टिकाल." तिचा आवाज फाटला. "आई गेली ती काय फक्त तुमचीच गेली? तुम्हाला तिची खोली आहे, तिचे डबे आहेत. माझ्याकडे काय आहे? मला वाटलं, निदान तुम्ही याल."

मी इतके महिने समजत होतो की ती मला सांभाळायला बघतेय. म्हणून तर मी असा पाय रोवून उभा होतो. ती काय मागत होती ते माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मी फोनवर म्हटलं, "बरं, ठेव," आणि ठेवला.

कळव्याकडे निघालो होतो. स्टेशनजवळ आलो, आणि पूल धरायचा तो सोडून डोंबिवलीच्या बसच्या रांगेत उभा राहिलो. हातात पिशवी नाही, कपडे नाहीत, काही नाही. बसमध्ये जागा मिळाली तरी बसलो नाही.

मुलीने दार उघडलं. डोळे सुजलेले. "काय झालं? बरं नाही का?"

"काही झालेलं नाही. राहायला आलोय. आजचा दिवस. सोमवारपासून कामावर, पण शनिवारी येत जाईन, रविवारी राहीन."

"तुमच्यात चालतं ते?"

"नाही चालत. तू बाजूला होतेस का, की दारातच उभं ठेवणार?"

ती बाजूला झाली. गॅलरीत नव्या रंगाचा वास होता. रंग पांढराच दिलेला, आणि पंखा जरा वाकडा बसवलेला. मी पंख्याबद्दल काही बोललो नाही, जावई आत होते. पलंगाच्या कडेला बसलो. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "भेंडी आहे. चालेल ना?"

"मला भेंडी आवडत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तीच मिळेल."